वाकायचं नाही, पण कधीपर्यंत?

"मॅडम, दुखत होता पाय, ऑपरेशन झालं कमरेचं, आणि आता दुखत काहीच नाही. पण खाली पडलेला चमचा काही मला उचलता येत नाही."

जुलै २०२४. ताई माझ्यासमोर खुर्चीच्या काठावर ताठ बसल्या होत्या. साडीवरून कमरेचा पट्टा करकचून बांधलेला. फाइल मुलीच्या हातात, कारण वजन उचलायचं नाही. ऑपरेशनला अकरा आठवडे होऊन गेले होते.

ताई ४३ वर्षांच्या. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. नाव-गाव देत नाही. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लिहा की, माझ्यासारख्या लई जणी असतील." आहेतच. फिजिओथेरपीच्या कामात असं प्रकरण वर्षातून बरेचदा येतं. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, जखम भरलेली असते, आणि माणूस मात्र घरात काचेच्या भांड्यासारखा जपून ठेवलेला असतो.

ऑपरेशनपर्यंत

रोजच्या साधारण अडीचशे पोळ्या. त्याला आठ किलो पीठ आणि पाच लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे मळून झालेली परात पंधरा किलोच्या घरात जाते. ताई जमिनीवर बसून कणीक मळायच्या आणि तशीच परात उचलून ओट्यावर ठेवायच्या. बारा वर्षं हेच चाललं होतं. फेब्रुवारीत एका सकाळी परात उचलताना कमरेत उसण भरली.

पुढचे दोन आठवडे आपल्याकडे जे होतं ते सगळं झालं. गरम पाण्याची पिशवी, मलम, मेडिकलमधून गोळ्या. सासूबाईंनी शेजारच्या वाडीतला एक पायाळू माणूस बोलावला, त्याने कमरेला तीनदा पाय लावला. चौथ्या दिवशी कंबर खरंच सुटली. श्रेय पायाळूला मिळालं. मी ते काढून घ्यायला गेले नाही, पण साधी उसण बहुतेकदा तेवढ्या दिवसांत आपोआप उतरते.

मग मात्र दुखणं खाली सरकलं. डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या बाजूने, नडगीवरून, पावलाच्या वरच्या भागात. शिंकलं की वीज गेल्यासारखं. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी डावीकडे फाटून तिचा तुकडा बाहेर आलेला दिसला. लोक याला 'गादी सरकली' म्हणतात, नाहीतर 'मणक्यात गॅप आहे' म्हणतात. दुसरा शब्दप्रयोग तर कमरेच्या कुठल्याही दुखण्याला चालतो. गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. तिचं बाहेरचं कडं चिरतं आणि आतला मऊ भाग तिथून बाहेर येऊन नसेवर दाबतो.

असा तुकडा दिसला म्हणजे लगेच ऑपरेशन, असं नसतं. शरीर तो तुकडा हळूहळू शोषून घेऊ शकतं आणि बऱ्याच जणांचा पाय दीड ते तीन महिन्यांत शांत होतो. हॉलंडमध्ये २८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लवकर ऑपरेशन केलेले रुग्ण लवकर सुटले, पण वर्षअखेरीला दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मात्र मधेच ऑपरेशन करून घ्यावं लागलं. म्हणून ताईंनाही आधी थांबायला सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं.

चित्र पालटलं ते चपलेमुळे. डाव्या पायातली चप्पल चालता चालता निघून जायची आणि ताईंना पत्ता नसायचा. उंबरठ्याला दोनदा ठेच लागली. तपासणीत डाव्या पायाचा अंगठा वर उचलायची ताकद कमी होत चाललेली आढळली. वेदना सहन करत थांबता येतं, पण पायातली ताकद घटत असताना थांबून राहणं धोक्याचं. एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं. दुर्बिणीखाली, इंचभर छेद घेऊन. चिंचोक्याएवढा तुकडा निघाला. शुद्धीवर आल्यावर पायातली कळ गेलेली होती. दुसऱ्या दिवशी त्या चालल्या आणि तिसऱ्या दिवशी घरी आल्या.

अकरा आठवडे

सुट्टी देताना वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरने चार गोष्टी सांगितल्या. वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही. खाली बसायचं नाही. पट्टा वापरायचा. चारही गोष्टी ताईंच्या यजमानांनी मोबाइलमध्ये लिहून घेतल्या. किती दिवस, हे कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायला गेल्या. बाहेर तीन-चार तास, आत तीन मिनिटं. सर्जननी जखम पाहिली, पाय उचलून बघितला, "छान आहे, फिरत राहा" म्हणाले. विचारायचं होतं, पण मागे तीसेक माणसं बसलेली. शिवाय 'छान आहे'चा अर्थ घरच्यांनी असा लावला, की चाललंय ते बरोबर चाललंय, तेच पुढे चालू ठेवायचं.

मग घरात एक व्यवस्था उभी राहिली. गादी काढून तख्तपोसावर नुसती सतरंजी अंथरली, कारण कठीण बिछाना कमरेला चांगला अशी समजूत. (मध्यम कडक गादी बहुतेकांना जास्त मानवते. फळीवर झोपायचा सल्ला आता कोणी देत नाही, पण तो जुन्या सुनेसारखा घरात रुळून गेलाय.) भावाने कमोडची खुर्ची आणून दिली. जेवण उभ्याने, ओट्याशी. केंद्र जाऊबाईंनी चालवायला घेतलं. ताईंच्या पायांची नखं मुलगी कापायची. भेटायला येणारी प्रत्येक बाई स्वतःच्या माहितीतला एक बिघडलेला मणका सांगून जायची.

आणि सासूबाईंचं एक वाक्य घरात सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं: "कापलेली कंबर ती, पहिल्यासारखी कशी होईल?"

ऑपरेशनला नेताना हॉस्पिटलमध्ये जोडवी काढून ठेवली होती. ती अकरा आठवडे देवघरातल्या डबीत होती. मुलगी घालते म्हणाली, तर ताई नको म्हणाल्या. माझी मी घालीन तेव्हा घालीन. पण स्वतःच्या पायापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता.

तपासणीत काय आढळलं

जखम उत्तम. झोपवून डावा पाय सरळ उचलला तर ८० अंशांपर्यंत विनातक्रार, म्हणजे नसेवर ताण नाही. अंगठ्याची ताकद बरीच परतलेली. पावलाच्या वरच्या भागात बधिरपणा. उभं राहून वाकायला सांगितलं तर हाताची बोटं गुडघ्याच्या वरच थांबली. दुखलं म्हणून नाही. त्यांनी श्वास रोखला, पोट आवळलं आणि माझ्याकडे बघितलं. चालणं मात्र उत्तम होतं. तेवढी एकच परवानगी मिळालेली होती, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या देवळापर्यंत दोन फेऱ्या त्यांनी नेमाने घातल्या होत्या.

कमरेच्या रुग्णांसाठी ऑस्वेस्ट्री नावाची एक प्रश्नावली जगभर वापरतात. दहा प्रश्न. वेदना, आंघोळ-कपडे, उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, शरीरसंबंध, लोकांत मिसळणं, प्रवास. ताईंचा आकडा फार वाईट आला नाही, कारण बसण्याच्या प्रश्नात खुर्चीतलं बसणं विचारलेलं आहे. मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, पंगतीत वाढता येतं का, हे त्यात कुठेच नाही. कागदावरच्या ताई बऱ्या झालेल्या होत्या. त्यांचं सगळं अडलं होतं ते जमिनीपासून दीड फुटांच्या आत.

मी सर्जनना फोन केला. ते वैतागले नाहीत, उलट चकित झाले. "अजून पट्टा? मी तर सहा आठवड्यांपुरतंच म्हणतो सगळ्यांना." ते म्हणत असतीलच. पण त्या दिवशी वॉर्डात ते बोलायला नव्हते, आणि सुट्टीच्या कागदावरही निर्बंध होते, मुदत नव्हती. औषधाच्या गोळीपुढे 'पाच दिवस' लिहिलेलं असतं. 'वाकू नका' पुढे काहीच नव्हतं.

या निर्बंधांचा पाया किती पक्का, हा वेगळाच विषय आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात याच ऑपरेशननंतर १५२ रुग्णांना कसलंच बंधन घातलं नव्हतं, जमेल तसं रोजच्या कामाला लागा म्हटलं होतं, आणि त्यामुळे काही आकाश कोसळलं नाही. बसण्याच्या भीतीचीही अशीच एक गोष्ट. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात गादीतला दाब मोजला आणि उभं राहण्यापेक्षा बसताना तो जास्त असतो असं मांडलं. तो तक्ता जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लागला. १९९९ मध्ये जर्मनीत एका निरोगी माणसाच्या गादीत सूक्ष्म यंत्र बसवून पुन्हा मोजलं, तर सैल बसल्यावर दाब उभं राहण्याइतकाच, किंबहुना थोडा कमीच निघाला. माणूस एकच होता, त्यामुळे त्यावरून फार नाचू नये. पण भिंतीवरचा तक्ता मात्र कोणी बदलला नाही.

याचा अर्थ पहिल्या आठवड्यातच परात उचला असा नाही. या ऑपरेशननंतर शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना त्याच जागी पुन्हा तुकडा बाहेर येण्याचा त्रास होतो, आणि गादीच्या कड्याला भरून यायला वेळ लागतो. सुरुवातीचे काही आठवडे जपायला माझी ना नाही. फक्त जपण्याला तारीख हवी.

काय केलं

पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. मणक्याचं प्लास्टिकचं मॉडेल काढलं आणि यजमानांना, सासूबाईंना आत बोलावलं. यजमानांचा प्रश्न तयार होता: "गादी काढली, म्हणजे आता हाडावर हाड?" अकरा आठवडे हे चित्र डोक्यात घेऊन तो माणूस बायकोला घरभर सांभाळत होता. गादी जागेवर आहे, बाहेर आलेला तुकडा तेवढा काढलाय, हे मॉडेलवर दाखवल्यावर ते बराच वेळ ते हातात धरून फिरवत राहिले. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

पट्टा एकदम सोडवला नाही. पहिला आठवडा झोपताना नाही, दुसरा आठवडा घरात नाही, तिसऱ्या आठवड्यापासून फक्त एसटीच्या प्रवासात. पट्ट्याने इजा होत नाही, पण त्यामुळे स्नायूंना काम उरत नाही, आणि मनाला पट्टा म्हणजेच कंबर असं वाटायला लागतं.

वाकण्याची सुरुवात वाकण्यापासून केली नाही. फरशी पुसताना बसतो तसं हात-गुडघ्यांवर यायचं, पाठ मांजरासारखी वर-खाली करायची, मग कुल्ले टाचांकडे न्यायचे. या स्थितीत कंबर उभ्याने वाकण्याइतकीच गोल होते, पण बाईला 'मी वाकले' असं वाटत नाही. चार दिवसांनी मी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. "ही मी?" म्हणाल्या. तिथून पुढचं सोपं झालं. खुर्चीत बसून हात नडगीवरून खाली सरकवायचे, मग उभं राहून, आधी स्टुलापर्यंत, मग खालच्या फळीपर्यंत.

जमिनीवर बसण्यासाठी घरातलंच सामान वापरलं. साधारण अठरा इंचांची खुर्ची, तिच्याहून बुटका चौरंग, मग पाटावर दुमडलेली घोंगडी, मग नुसता पाट. दर तीन-चार दिवसांनी एक पायरी खाली. चौरंगावरून उठायला सर्वांत जास्त दिवस लागले, आणि त्याचं कारण कंबर नव्हतंच. अकरा आठवड्यांत मांड्यांचे स्नायू गेले होते. म्हणून खुर्चीतून हात न लावता उठ-बस, पाठीवर झोपून कुल्ले उचलणं, आणि अंगठ्यासाठी भिंतीला धरून टाचांवर चालणं.

वजनाचं माप किलोत सांगितलं की घाबरायला होतं, म्हणून स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं. आधी तांब्या, मग पाण्याने भरलेली कळशी अर्धी, मग पाच किलो पिठाचा डबा. कणीक आठ किलोची एकदम नाही, तीन घाण्यांत, आणि मळायची ओट्यावर. लाटताना एक पाय बुटक्या पाटावर, दर पंधरा-वीस पोळ्यांनी पाय बदलायचा. चौदाव्या आठवड्यात ताईंनी केंद्रावर चाळीस पोळ्या लाटल्या.

एकदा निघताना दाराशी थांबून, मुलगी खाली उतरल्याची खात्री करून, त्यांनी हळूच विचारलं, "आणि आमचं... ते चालतं का?" प्रश्नावलीतला तो रकाना त्यांनी कोरा सोडला होता आणि मीही घाईत पुढे गेले होते. चालतं. दुखेल अशी स्थिती टाळायची, एवढंच. हे खरं तर सहाव्या आठवड्यालाच कोणीतरी सांगायला हवं होतं.

माझी चूक

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन आला. डाव्या पायात पुन्हा कळ. यजमानांचा आवाज बदललेला, पलीकडून सासूबाई, "मी म्हणत नव्हते?"

झालं असं, की आदल्या आठवड्यात मी उकिडवं बसणं आणि डबा उचलणं दोन्ही एकदम वाढवलं होतं. नागपंचमीला तवा चुलीवर ठेवत नाहीत, त्यामुळे पोळ्यांना सुट्टी आणि ताई माहेरी. जाता-येता एसटीत चार तास, तिथे जमिनीवर बसून पुरणाचे दिंड, आणि हौसेने झोक्यावरही बसल्या. सणाच्या आठवड्यात बाईचा दिवस कसा असतो हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? तरी विचारलं नाही. आठवड्याचं वेळापत्रक मी माझ्या वहीत आखलं होतं, त्यांच्या कॅलेंडरवर नाही.

दहा वाजता बघितलं. लघवी-संडास नेहमीसारखी, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा नाही, ताप नाही, पोटरीला सूज नाही. अंगठ्याची ताकद आधी होती तितकीच. पाय ६५ अंशांपर्यंत वर गेला, मग ओढलं. यातलं एखादं जरी बिघडलेलं असतं, विशेषतः लघवी अडकली असती किंवा पाऊल लुळं पडलं असतं, तर त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं असतं.

घरच्यांना लगेच एमआरआय हवा होता. मी थांबवलं, सर्जननाही कळवलं. ऑपरेशननंतर काही महिन्यांत काढलेल्या एमआरआयमध्ये त्या जागी काहीतरी दिसतंच, भरून येणारा व्रण म्हणा, गादीचा फुगवटा म्हणा. मजेत असलेल्या लोकांमध्येही दिसतं. तो व्रण आहे की नवा तुकडा, हे ओळखायला शिरेतून औषध देऊन फोटो काढावे लागतात. चिन्हं नसताना असा रिपोर्ट हातात पडला, की सासूबाईंच्या वाक्यावर शिक्का बसतो. दहा दिवस थांबायचं ठरलं. झोपून राहायचं नाही, चालणं चालू, उकिडवं बसणं आणि डबा बंद, बाकी व्यायाम निम्मे. पाचव्या दिवशी कळ गुडघ्याच्या वर आली, नवव्या दिवशी गेली.

त्या नऊ दिवसांचा एक फायदा झाला, जो मला ठरवून करता आला नसता. दुखणं परत आलं आणि ऑपरेशनशिवाय गेलं, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलं.

गौरी

गौरी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होत्या, ऑपरेशनला वीस आठवडे झाले होते. आवाहनाच्या दिवशी उंबरठ्यापासून मखरापर्यंत गौरीची पावलं काढायची असतात, आणि ती वाकल्याशिवाय निघत नाहीत. ताईंनी मला आधी सांगितलं नाही. नंतर मुलीने व्हिडिओ दाखवला. सोळा पावलं त्यांनी काढली, मधे एकदा भिंतीला टेकून थांबल्या, उरलेली मुलीने पूर्ण केली. सासूबाई मागे मखराशी उभ्या, हातात हळद-कुंकवाची वाटी. त्या आठवड्यात जोडवी डबीतून बाहेर आली होती.

सहा महिन्यांनी शेवटचं तपासलं. वाकल्यावर बोटं जमिनीपासून वीतभर वर. मांडी घालून अर्धा तास. पोळ्या रोज दीडशे, बाकी जाऊबाई. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं कंबर आखडलेली, चहा होईपर्यंत सुटते. पावलाचा बधिरपणा कमी झालाय पण गेलेला नाही. नसेचा धागा पूर्ण मेला असेल तर तो दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढतो, आणि कमरेपासून पावलापर्यंत अंतर मीटरभराच्या आसपास. नुसत्या दबलेल्या नसा याहून पुष्कळ लवकर सुधारतात, पण थोडे धागे मेलेले असतील तर त्यांना वेळ लागणारच. डाव्या पायातलं जोडवं आहे की पडलं, हे ताई अजून बघूनच ओळखतात.

गॅसचं सिलिंडर मात्र त्या उचलत नाहीत. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतं, आणि ते मुलगा आत आणतो. आता हळूहळू तेही जमेल, सराव करूया का, असं मी विचारलं. "नको," ताई म्हणाल्या, "ते तेवढं कमरेच्या नावावर राहू द्या."